शाळेचे परस

परस हा शब्द आपल्या घरांतून हळूहळू नाहीसा होत चालला आहे. लष्करातील जुन्या मराठी वाड्यांना पुढे अंगण आणि मागे परस असे. परसात आड, आणि सांडपाण्यावर पोसलेले अळू, केळी. वाडे पडले, त्यांच्या जागी मजले चढले, आणि परस गेले ते गेलेच. ते आता सरकारी शाळांच्या आवारात पुन्हा डोके वर काढू लागले आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण-बागेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा आशय सोपा आहे : मुलांनी भाजी पिकवावी आणि ती त्यांच्याच दुपारच्या ताटात पडावी.

कल्पना नवी नव्हे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि ‘नयी तालीम’चा पाया घातला गेला. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुले आजही शेतात राबतात आणि स्वयंपाकही करतात. मात्र आपल्याकडे अशा योजनांचे फलक आधी लागतात आणि झाडे मागाहून, कधी कधी लागतच नाहीत. म्हणून प्रथम हिशोब मांडलेला बरा.

मध्यान्ह भोजनात प्राथमिक वर्गाच्या मुलास रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गाच्या मुलास ७५ ग्रॅम भाजी मिळावी, असा नियम आहे. शंभर लहान मुलांची शाळा धरली, तरी रोज पाच किलो भाजी हवी. शाळेच्या आठ-दहा वाफ्यांतून ती रोज निघणे शक्य नाही. बागेने मुलांचे पोट भरेल असे जे सांगतात, त्यांनी मेथीचा वाफा एकदा खुडून, उरलेल्या देठांकडे पाहावे. परंतु बटाट्याच्या पातळ रश्शात आठवड्यातून दोनदा मूठभर पालक पडला, तर ताटाचा रंग बदलतो. आणि स्वतः पेरलेला पालक मूल ताटात टाकून देत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

शिकणे होते ते अशा ठिकाणी. वाफ्याची लांबी-रुंदी मोजताना क्षेत्रफळ आपोआप येते. दोन रोपांत वीतभर अंतर का सोडावे, ह्याचे उत्तर पुस्तकाआधी मुळाच देतो. भाषेचाही धडा होतो. आमची मुले हिंदी बोलणारी. त्यांना अरबी ठाऊक आहे ती जमिनीखालच्या कंदाची. आपण अळू म्हणतो ते पानाकडे बघून. एकच झाड, पण दोन घरांची नजर वेगवेगळी! घोसाळ्याला इथे गिलकी म्हणतात, हे तर आपल्या घरांतही रुळून गेले आहे.

पालकांची हरकत मात्र गंभीरपणे घ्यावयास हवी. ‘माती उपसायला घरी काय कमी आहे? आम्ही मुलगा शिकायला पाठवतो’, असे एखादा मजूर बाप म्हणतो, तेव्हा त्याचे चुकत नाही. कुदळ सगळ्यांच्या हाती आली पाहिजे आणि तासापुरतीच आली पाहिजे. नेहमी त्याच चार मुलांना पाणी घालावयास पिटाळले, तर ती बाग नव्हे, वेठ झाली.

बियाण्याच्या बाबतीत अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांचे काम डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. शाळेची पायरी न चढलेल्या ह्या बाईंनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावठी वाण जपले, परसबागा उभ्या केल्या आणि बियाण्यांची बँक चालविली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संकरित बी पुढच्या वर्षी तसेच उगवेल ह्याचा भरवसा नाही, म्हणून ते दरसाल विकत आणावे लागते. गावठी वालाच्या चार शेंगा वेलावरच वाळू दिल्या, की पुढच्या वर्गाची सोय होते. आणि शाळेपाशी बियाण्याला पैसे कधीच नसतात.

खरी परीक्षा ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात. इथला पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. नेमकी तेव्हाच शाळा बंद. शाळा चालू असते तोवर ताटे धुतलेले पाणी पाटाने अळूकडे आणि केळीकडे वळविता येते. सुटी लागली की तेही थांबते. हिवाळ्यातल्या मेथी-मुळ्याची चिंता नाही, त्यांचा हंगाम आधीच संपलेला असतो. मुळे खोल गेलेला शेवगा तग धरतो, अळूचा कंद भुईत पाऊस येईतो वाट पाहतो. अडते ते लिंबू, कढीपत्ता आणि नवी केळ ह्यांचे.

आपल्या वाचकांपैकी कित्येकांची घरे एखाद्या सरकारी शाळेच्या भिंतीला लागून असतील. १ मे पासून जूनच्या मध्यापर्यंत, ऊन उतरल्यावर, दोन बादल्या पाणी एवढीच गरज आहे. त्यासाठी फाटकाची किल्ली एप्रिल संपण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावी. नंतर शाळेत कोणी भेटत नाही.