भीतीचा व्यापार आणि संगणकाची सुरक्षा

मागणी नसेल तेथे ती निर्माण करावयाची, हा बाजाराचा जुना शिरस्ता. संगणकाच्या क्षेत्रात ही मागणी भीतीतून निर्माण केली जाते. पडद्यावर एकाएकी तांबडी चौकट उमटते. यंत्रात व्हायरस शिरला आहे, अमुक क्रमांकावर तातडीने फोन करा, असे तीत फर्मान असते. वस्तुतः अशी चौकट व्हायरसचा पुरावा नसून गिऱ्हाईक गाठण्याचा सापळा असते.

हा उद्योग केवळ भुरट्या भामट्यांचा आहे, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. अमेरिकेतील ‘ऑफिस डेपो’ ही मोठी दुकानसाखळी गिऱ्हाइकांचे संगणक तपासून देत असे. यंत्र मंद चालते काय, वारंवार बंद पडते काय, असे चार प्रश्न आरंभी विचारले जात. एकालाही होकार मिळाला, की तपासणीत काहीही आढळो, निदान दोषाचेच निघे व महागडी दुरुस्ती गळ्यात पडे, असा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०१९ मध्ये या कंपनीने अडीच कोटी आणि तिच्या भागीदार कंपनीने एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटविले.

म्हणून खरा धोका नाहीच, असे मात्र नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांतील संगणक ओलीस धरले, ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती अमेरिकेच्या हेरखात्याने हत्यार म्हणून दडवून ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच तिच्यावर इलाज काढला. पण जुन्या ‘एक्सपी’ प्रणालीसाठी तो जादा पैसे मोजणाऱ्यांपुरताच राहिला आणि आग लागल्यावर सर्वांना खुला झाला. अर्थात, बहुतेक बळी ‘विंडोज ७’ची यंत्रे ठरली. त्यांच्यासाठी इलाज विनामूल्य होता; तो वेळेवर बसविला गेला नव्हता. नफेखोरीइतकीच संस्थांची बेपर्वाईही येथे दोषी आहे.

युनियनच्या वा पतसंस्थेच्या कचेरीत सभासदांच्या याद्या व वर्गणीचे हिशेब पुष्कळदा एकाच जुन्या यंत्रात असतात. म्हणून ही शिस्त संघटनेचेच काम मानली पाहिजे. प्रणालीतील सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात. विंडोजमध्ये मुळातच असलेले ‘डिफेंडर’ चालू ठेवावे. महत्त्वाच्या कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती यंत्रापासून सोडवून ठेवावी. चौकटीतील क्रमांकावर फोन करू नये. अनोळखी माणसाच्या हाती यंत्राचा दूरस्थ ताबा देऊ नये. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० वर तक्रार नोंदवावी.

परंतु वैयक्तिक सावधगिरी पुरेशी नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नियमित सेवा संपली, ती वापरणारी यंत्रे मात्र धडधाकट आहेत. यंत्र चालते तोवर सुरक्षेच्या दुरुस्त्या विनामूल्य पुरविण्याचे बंधन उत्पादकांवर कायद्याने घालावे, ही मागणी चळवळीने लावून धरावयास हवी. रोगाची लस ऐपत पाहून टोचली, तर साथ आटोक्यात येत नसते.