साहेबांची बदली झाली, सुधारणाही गेली

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तर येऊ द्या.

आमच्याकडच्या एका तालुका कोर्टात मध्यंतरी एक न्यायाधीश होते. बोर्ड आदल्या दिवशी बघायचे. ज्या केस चालणार नाहीत त्यांच्या वकिलांना आधीच कळवायचे. समन्स का बजावलं नाही, हे बेलिफाला समोर बोलावून विचारायचे. नक्कल अर्जांची वही स्वतः तपासायचे. बस, एवढंच! पण लांबच्या गावच्या म्हाताऱ्याचं एसटीचं भाडं आणि एक रोज वाचायला लागला.

मग बदली झाली. महिनाभरात सगळं मूळपदावर. अकराला बाकड्यावर बसा, पुकाऱ्याकडे कान ठेवा, साडेचारला पुढची तारीख घेऊन घरी जा. आता बार रूममध्ये सगळे म्हणतात, "साहेब चांगले होते हो." मुदतीचे अर्ज फेटाळतात म्हणून तेव्हा यातलेच काही कुरकुरत होते, ते सोडा.

न्यायमूर्ती रानडे आपल्याला उच्च न्यायालयाचे म्हणून आठवतात. तिथे ते गेले 1893 ला. त्याआधीची बरीच वर्षं खालच्या कोर्टांत गेली. 1875 च्या दंग्यांनंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, नगर, सोलापूरसाठी. नुसता कर्जरोखा बघून सावकाराला हुकूमनामा द्यायचा नाही, व्यवहाराच्या मुळाशी जायचं, आधी समेट करून बघायचा, आणि खालच्या कोर्टांचं काम विशेष न्यायाधीशाने तपासायचं. रानड्यांनी आधी सहायक म्हणून, पुढे स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून दौरे काढून हे काम केलं. बदली त्यांनाही चुकली नव्हती. पुण्यातलं सार्वजनिक काम सरकारच्या डोळ्यांत खुपलं तशी आधी नाशिक, मग धुळे. पण तपासणीचं पद कायद्यात लिहिलेलं होतं. माणूस हलला म्हणून काम थांबत नव्हतं.

आणि आज? ई-कोर्ट प्रकल्प 2007 पासून चालू आहे. 2023 मध्ये तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी मंजूर झाले. मोबाइलवर सीएनआर नंबर टाकला की तारीख दिसते. चांगलंच आहे, मीही बातमीसाठी वापरतो. पण त्या तारखेला साक्ष होणार का, हे कुठं दिसतं? खालच्या कोर्टांत चार कोटींवर केस तुंबल्यात आणि न्यायाधीशाने साक्ष घ्यायची, निकाल लिहायचा, वर प्रिंटरची शाई संपली तर तेही बघायचं!

उपाय कुणाला माहीत नाही असं नाही. तेराव्या वित्त आयोगाने 2010 ते 2015 साठी कोर्ट मॅनेजर नेमायला 300 कोटी दिले होते. ठिकठिकाणी कंत्राटावर माणसं घेतली. प्रत्येक जिल्ह्यात असे मॅनेजर हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 ला सांगितलं. 2025 ला त्यांच्या नोकरीचे नियम करा म्हणून पुन्हा सांगावं लागलं. आणि हे सगळं जिल्ह्यापुरतं. तालुक्याचं तर कुणी नावच घेत नाही. इमारतीच्या उद्घाटनाला पुढारी येतात, या पदासाठी विधानसभेत कितीजण बोलले?

माझी मागणी साधी आहे. तालुका कोर्टाला कायम प्रशासक द्या. समन्स, नकला, बोर्ड यांचा हिशेब त्याने दर महिन्याला फलकावर लावावा. साहेब कुणीही असोत.

तुमच्या केसला किती तारखा पडल्या, त्यातल्या किती दिवशी खरंच काम झालं, ते खाली लिहा. नावं, नंबर नकोत, फक्त आकडा. आमदारांकडे तेवढाच कागद घेऊन जाणार आहे.