बॅटरी बसते तेव्हा

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मुलीची मुंबईला मुलाखत होती आणि नाशिक रोडला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस गाठायची होती. अंधारातच मोटारीची किल्ली फिरवली, तर नुसते 'टक्' असे उत्तर आले. पुन्हा 'टक्'. शेजारचे अण्णा मफलर गुंडाळून धावले. ते, दूधवाला आणि खुद्द उमेदवार अशा तिघांनी धक्का मारल्यावर तिसऱ्या खेपेस मोटारीला दया आली. गाडी मिळाली, पण इंजिन बंद करण्याची माझी छाती होईना. मी स्टेशनाबाहेर ते घरघरत ठेवून बसलो आणि मुलगी एकटीच आत गेली. तिला सांगायचे दोन शब्द राहूनच गेले.

दुपारी मेकॅनिकजवळ मी थंडीच्या नावाने बोटे मोडली. तो म्हणाला, "सर, थंडीला कशाला बोल लावता? ही मे महिन्यातच मेली होती. थंडीनं नुसता पंचनामा केला."

मराठीत आवाज बसतो, धंदा बसतो, तशी बॅटरीही बसते. पण ती उन्हाळ्यात कशी बसेल? मी पुस्तके उघडली आणि मेकॅनिकच खरा ठरला.

आपल्या बहुतेक मोटारींतली बॅटरी ही मुळात फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने १८५९ साली सिद्ध केलेलीच. शिशाच्या पट्ट्या, पातळ केलेले गंधकाम्ल, आणि दोन-दोन व्होल्टचे सहा घट ओळीने. आम्ल आणि शिसे यांचा संयोग होतो, तेव्हा वीज निघते. इंजिनाला पहिला हिसका देण्यासाठी या पेटीला क्षणभर शंभराहून अधिक अँपियर ओतावे लागतात. गारठ्यात हा संयोग मंदावतो. शून्य अंशाला बॅटरीची ताकद सुमारे पाऊण उरते, उणे अठराला जेमतेम निम्मी. आणि नेमके तेव्हाच इंजिनातले तेल घट्ट होऊन जास्त जोर मागते. लेहच्या जवानाची अडचण ती हीच.

पण नाशिकची थंडी ती केवढी! निफाडला डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्या खाली गेला आणि द्राक्षबागांतून शेकोट्या पेटल्या, हे खरे. तरीही धडधाकट बॅटरी तेवढ्याने हार खात नाही.

तिचा खरा वैरी वैशाख. उष्णतेत इंजिन झटकन सुरू होते, म्हणून आपण खूश असतो. आत मात्र शिशाच्या जाळ्या भराभर गंजत असतात, पाणी उडत असते. साधारण दहा अंश उष्णता वाढली की ही झीज दुप्पट होते, म्हणजे आयुष्य निम्मे. चाळीस अंशांच्या उन्हात कॉलेजच्या आवारात दिवसभर उभी असलेली माझी मोटार आतून काय सोसत होती, ते मला 'टक्' ऐकेपर्यंत कळले नाही. त्यातून घर ते कॉलेज हा प्रवास दहा मिनिटांचा. तेवढ्यात खर्चलेली वीज पुरती भरूनही निघत नाही.

नवी बॅटरी घेतली. मोटार आता कडुनिंबाखाली लावतो. पक्ष्यांचा प्रसाद टपावर पडतो, तो पुसतो. यंदा दसऱ्याला झेंडूचा हार घालण्याआधी मेकॅनिककडून मोजून घेतले: १२.६ व्होल्ट. मुलीची नोकरी मुंबईलाच लागली. दिवाळीला ती आली आहे, आणि भाऊबीज झाली की पुन्हा तीच पहाटेची गाडी.