पहिल्या घोटाआधी

बाळ जन्मलं, रडलं, नाळ कापून झाली. दूध अजून तोंडाला लागलेलं नाही. नेमक्या याच क्षणी कापसाची काडी, म्हणजे कोविडने घराघरांत पोहोचवलेला तो स्वॅब, बाळाच्या तोंडातून हलकेच फिरवायचा आणि त्यावर आलेल्या जिवाणूंची जनुकं वाचायची, असं संशोधन गेली काही वर्षं चालू आहे. चीनमधल्या अशा एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मातांचे 581 आणि नवजातांचे 248 नमुने त्यात तपासले होते. नवजातांचे नमुने तोंडातले होते, घशातले होते, पहिल्या काळसर शीचे होते आणि गर्भजलाचेही होते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या मातांमधली जिवाणूंची वस्ती इतर मातांपेक्षा वेगळी निघाली. त्यांच्या बाळांचीही वेगळी निघाली, आणि आई-बाळांतले बरेचसे बदल एकाच दिशेने झालेले दिसले.

अशी बातमी आपल्याकडे आली की तिचं काय होतं, हे सांगायला ज्योतिषी नको. ‘आईची शुगर, बाळाचं तोंड खराब’ असा मथळा होतो आणि घरातली कुणीतरी वडीलधारी बाई सुनेकडे पाहून म्हणते, ‘तरी सांगत होते, गोड कमी खा.’

खरं तर हा मधुमेह डोहाळजेवणातल्या जिलेबीने होत नाही. वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या शरीरातल्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. बहुतेक स्त्रियांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढतं, काहींचं कमी पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरली, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ 800 ग्रॅमने हलकी. पण हा हलकेपणा मुख्यतः स्नायूंत आणि अवयवांत होता. कातडीखालची चरबी बरीचशी टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशा या शरीराला मधुमेह गाठायला लठ्ठपणाची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच ‘ती तर काडीसारखी आहे, तिला कसली शुगर’ हा युक्तिवाद इथे फोल ठरतो.

बाळाच्या तोंडातला बदल मात्र एकट्या साखरेच्या नावावर मांडता येत नाही. व्हेनेझुएलातल्या पुएर्तो आयाकुचो इथे 9 माता आणि 10 नवजात बाळांवर झालेला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. नैसर्गिक प्रसूतीने आलेल्या बाळांवर आईच्या योनिमार्गातले जिवाणू सापडले, तर सिझेरियनच्या बाळांवर त्वचेवर राहणारे. मधुमेही मातांमध्ये सिझेरियनचं प्रमाण जास्त असतं. सिझेरियन म्हटलं की आईला प्रतिजैविकाचा डोस आलाच. त्यापुढे बाळाला निरीक्षणासाठी वेगळं ठेवणं आणि डब्याचं दूध. मग वस्ती बदलली ती साखरेने, सुरीने, औषधाने की दुधाने? एकाच पोत्यात मिसळलेली ही धान्यं वेगळी करायला संशोधकांनाही जड जातं.

या शास्त्राला स्वतःची पावलं मागे घ्यावी लागली आहेत, हेही वाचकाने लक्षात ठेवलेलं बरं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 320 वारा तपासून 2014 मध्ये सांगितलं की वारेत जिवाणूंची वस्ती असते आणि ती तोंडातल्या वस्तीशी मिळतीजुळती असते. पाच वर्षांनी केंब्रिजच्या संशोधकांनी 537 स्त्रियांच्या वारा तपासल्या. निरोगी वारेत अशी वस्तीच नसते, आधी सापडलेलं बरंचसं प्रयोगशाळेतल्या रसायनांतून आणि प्रसूतीच्या वेळी लागलेलं होतं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. नवजाताच्या तोंडातले जिवाणू मोजकेच असतात. अशा नमुन्यांत बाहेरची भेसळ फार मोठी दिसते. शिवाय वेगळेपण म्हणजे आजार नव्हे. जन्माच्या दिवशीच्या या फरकामुळे पुढे दात किडतात किंवा साखर वाढते, असं सिद्ध झालेलं नाही. पहिल्या दिवसाची ही वस्ती झपाट्याने बदलते आणि तो बदल मुख्यतः दुधाच्या हातात असतो.

खरा मुद्दा इथे आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की नवजाताच्या लाळेत झँथिन आणि हायपोझँथिन ही द्रव्यं भरपूर असतात आणि आईच्या दुधात त्यांच्यावर काम करणारं विकर असतं. लाळ आणि दूध तोंडात एकत्र आली की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, तेच जे जखम धुवायला वापरतात. त्याने उपद्रवी जिवाणूंची वाढ रोखली जाते. म्हणजे चोखणारं बाळ नुसतं पोट भरत नाही, ते स्वतःच्या तोंडातले भाडेकरूही निवडत असतं.

हे दूध वेळेवर मिळण्याची गरज सर्वांत जास्त आहे ती मधुमेही आईच्या बाळाला. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. बाळ पोटातच स्वतःचं इन्सुलिन वाढवतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, पण इन्सुलिन तसंच चढलेलं राहतं आणि बाळाची साखर घसरते. म्हणून पहिल्या तासांत टाचेला सुई टोचून साखर पाहावी लागते आणि बाळाला लवकर पाजावं लागतं. प्रत्यक्षात काय होतं? सिझेरियनची आई टाक्यांनी हैराण, बाळ वेगळ्या खोलीत, नातेवाइकांच्या हाती डब्याच्या दुधाची चिठ्ठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या बालकांचं प्रमाण 41.8 टक्केच आहे. घसरलेली साखर धोकादायक असते आणि गरज असेल तेव्हा वरचं दूध किंवा सलाइन द्यावंच लागतं, यात वाद नाही. वाद आहे तो गरज नसतानाही डबा हाती देण्याच्या सवयीचा.

त्यावर उपाय महागडा नाही. ऑस्ट्रेलियातच सहाशेहून अधिक मधुमेही गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत, इतर गुंतागुंत नसलेल्या स्त्रियांनी छत्तिसाव्या आठवड्यापासून हाताने चीक काढून साठवला. त्याने बाळांना अपाय झाला नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने हे आपल्या प्रसूतिगृहांतही शिकवता येईल. तोपर्यंत, बाळ-बाळंतिणीला एकत्र ठेवून तासाभरात पाजणं, यासाठी यंत्र लागत नाही, माणसं लागतात. परिचारिकांची संख्या वाढवा, ही मागणी प्रोबायोटिक थेंबांच्या जाहिरातीइतकी आकर्षक वाटत नाही, एवढंच. आणि सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची हौस तर घरच्यांनीच सोडावी. वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझमसारखा जीवघेणा आजार होऊ शकतो.

आईची साखर वेळेवर कळणं हे या सगळ्याच्या आधी येतं. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या आग्रहामुळे भारतात उपाशीपोटी न येताही करता येणारी चाचणी रुजली: 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्तातली साखर 140 किंवा त्याहून जास्त निघाली तर उपचार सुरू करायचे. सरकारी नियमानुसार ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत व्हायला हवी. यातली पहिली कित्येकदा राहून जाते, कारण पहिली भेटच उशिरा होते.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा पाहायची असते, ती तर विसरलीच जाते. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी असते. गरोदरपणाची फाइल सासरच्या गावातल्या दवाखान्यात, ती स्वतः अळिवाची खीर खात आईच्या घरी. पण दीड महिन्यांनी बाळाच्या लसीसाठी ती माहेरच्याच आरोग्य केंद्रात येते. त्या सकाळी तिने उपाशीपोटी यावं एवढा निरोप आशाताईने आदल्या दिवशी दिला आणि बाळाच्या लसीच्या कार्डावर ‘आईला गरोदरपणात मधुमेह’ अशी एक ओळ लिहिलेली असली, तर त्याच फेरीत तिची तपासणीही उरकता येते.