घटकाभराचा डाव आणि अर्धवट मोहिमा

महालातील बडकस चौकात सायंकाळी पानठेल्याजवळ तीन-चार डोकी एकाच मोबाइलवर झुकलेली दिसली, तर तेथे बहुधा लुडोचा डाव रंगलेला असतो. डाव दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो आणि मंडळी पांगतात. यांपैकीच एखाद्याच्या घरच्या संगणकावर ‘द विचर ३’ किंवा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ महिनोन्‌महिने अर्धवट पडलेला असतो. पैसे मोजून घेतलेला खेळ धूळ खात पडावा आणि फुकटचा मात्र रोज खेळला जावा, ही विसंगती केवळ आळसाच्या माथी मारता येणार नाही.

मुळात मोठे खेळ साठू लागले ते स्वस्ताईमुळे. स्टीम या विक्रीमंचाने २०१५ मध्ये भारतात रुपयांतील किमती लागू केल्या. एपिकने २०१८ च्या अखेरीस स्वतःचे दुकान थाटून खेळ चक्क मोफत वाटण्यास आरंभ केला. मे २०२० मध्ये ‘जीटीए ५’ही त्या वाटपात होता. खरेदीला क्षण पुरतो, पण ‘विचर ३’ची केवळ मुख्य कथा संपविण्यास साधारण ५० तास लागतात. कोणता टप्पा किती टक्के खेळाडूंनी गाठला, हे स्टीमवर जाहीर असते. अनेक नामांकित खेळांत शेवट पाहणारे निम्मेही नसतात. म्हणजे हे दुखणे एकट्या महालाचे नव्हे.

तथापि, येथे त्याला स्थानिक पदर आहेत. जुन्या वाड्यातील सामाईक खोली, घरातला एकच दूरचित्रवाणी संच आणि दुकान वा नोकरी सांभाळून उरणारा तुकड्या-तुकड्यांचा वेळ. भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली की टीव्हीला जोडलेला कार्ट्रिजचा खेळ मधेच विझे आणि सगळे पहिल्यापासून. सेलवर चालणारा ‘ब्रिक गेम’ मात्र अंधारातही सुरू राही. पुढे नोकियाच्या ‘स्नेक’ने तीच जागा घेतली. तुटक वेळेत बसेल तोच खेळ टिकतो, हा धडा मोबाइलयुगाच्या आधीचाच होय.

या दोन्ही टोकांची उदाहरणे महाराष्ट्रातच सापडतात. नवी मुंबईतील गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने त्याच वर्षी ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ बाजारात आणला. अपहृत भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा काही तासांत पूर्ण होते. त्यासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा केलेला प्रयत्न फसला होता. गंमत अशी की, पुण्यात घडलेला हा खेळ प्रथम आला तो निन्टेन्डो स्विचवर, जे उपकरण भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते!

खरा प्रश्न पुढे आहे. ‘राजी’सारखी कलाकृती एकदाच विकली जाते, खेळाडूने ती संपविली की व्यवहार संपला. फुकट खेळाचे उत्पन्न जाहिराती व आतील खरेदीवर चालते, म्हणून तो संपता कामा नये. म्हणजे तो फुकट नसतो, मोल लक्ष देऊन चुकवावे लागते. डावावर पैसे लावण्याचे लोण वाढल्यावर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. शिवाय साठविलेल्या खेळांवर तरी मालकी कुणाची? ग्राहकास मिळतो तो केवळ परवाना, असे स्टीम २०२४ पासून खरेदीच्या वेळीच बजावते.

मोठे खेळ हातात मावणाऱ्या यंत्रांवर आणण्याचा तोडगा निघाला आहे. हवे तेव्हा थांबवून तेथूनच पुढे खेळता येते, ही त्यांची खरी सोय. मात्र आसुसचे असे यंत्र २०२३ मध्ये भारतात आले ते ६९,९९० रुपयांना. एवढी रक्कम मोजण्याआधी केळीबाग मार्गावरील दुकानातला नोकरदार दहादा विचार करणार. राहता राहिला प्रवास. अग्रसेन चौक ते सीताबर्डी हे अंतर मेट्रोने काही मिनिटांचे. तेवढ्यात विचरची मोहीम सोडाच, लुडोचा डावही पुरा होत नाही.