द्राक्षाची कात्री बकुळीला लावू नका



आज बागेतलं नाही, दारातलं लिहितोय. आधी स्वतःची चूक सांगतो, मग दुसऱ्यांना बोलतो.

आमच्या वस्तीवर आजीनं लावलेली बकुळ आहे. माझ्या लहानपणापासून बघतोय, तरी खोड अजून मिठीत मावतं. इतकी सावकाश वाढते ती. सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीला टोळी आली होती. बाग दुपारीच उरकली, मजुरी तर पूर्ण दिवसाची द्यायची होती. म्हटलं, "दारातलं झाडबी जरा हलकं करा," आणि औषधं आणायला तालुक्याला गेलो. परत येऊन बघतो तर शेंडा गायब, आणि चार जाड फांद्यांचे नुसते खुंट उभे.

टोळीचा दोष नाही. सांगणारा मी होतो, आणि काय कापायचं ते मी सांगितलंच नव्हतं.

पुढची दोन वर्षं आजीला वेचायला फूल मिळालं नाही. तिसऱ्या वर्षी चार फुलं पडली, तेव्हा आजी नव्हती.

आपल्याकडं एक समज पक्का बसलाय, "जेवढं मारशील तेवढं झाड जोमानं फुटतं." द्राक्षात आपण एप्रिलला खरड छाटणी घेतो, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि वेल दोन्ही वेळा फुटतो. शेवग्याचा शेंडा मारला तर तोही भरतो. सुबाभूळ कितीही तोडा, पुन्हा उभी. ही सगळी पळणारी झाडं. त्यांच्यावर शिकलेला हात आपण बकुळीवर, सीताअशोकावर चालवतो, तिथंच फसतो. हळू वाढणारं झाडही फुटतं, पण आपण एका दुपारी नेलेलं भरून काढायला त्याला कित्येक वर्षं लागतात.

चिकूवाल्यांना हे लवकर पटेल. बकुळ आणि चिकू एकाच कुळातले, दोघांनाही चीक. चिकूची बाग कुणी दरवर्षी द्राक्षासारखी झोडपतं का? वाळकी, रोगट, एकमेकीत घुसलेली फांदी काढतो आणि थांबतो. मग त्याच्या भावकीतल्या बकुळीनं काय पाप केलंय?

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

"शेंडा मारला की झाड डेरेदार होतं." बकुळीचा डेरा मुळातच घनदाट, गोल. शेंडा मारल्यावर खुंटावर झाडूसारखे फुटवे येतात. ते सालीखालच्या डोळ्यांतून फुटलेले असतात, नैसर्गिक फांदीसारखे खोडात आतपर्यंत रुजलेले नसतात. जाड झाले की वाऱ्यात खांद्यातून निसटतात. आमचा एक असाच वळवाच्या पावसात गोठ्याच्या पत्र्यावर आला. म्हणजे धोका कमी करायला कापलं आणि धोकाच वाढवला.

"सावली पिकावर पडते." मग खालच्या फांद्या काढा, शेंडा कशाला? त्याही एका वर्षात सगळ्या नाही. एकावेळी पाव भागापेक्षा जास्त पानोळा नेऊ नका, हळू झाडाला त्याहून कमीच बरा. पानं हीच त्याची चूल. शिवाय सावलीत वाढलेली साल एकदम चैत्राच्या उन्हात उघडी पडली की भाजते, तडकते.

"तारेला लागतं." तारेकडं जाणारी फांदी मुळाशी काढा, दुसरीकडं जाणारी ठेवा. आणि खरं सांगायचं तर ही चूक कात्रीची नाही, तारेखाली खड्डा घेणाऱ्याची आहे.

"कापलं की वरून ऑइलपेंट मारतो." अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो या शास्त्रज्ञानं हजारो झाडं करवतीनं चिरून आतल्या जखमा तपासल्या. त्यांचं म्हणणं असं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड ती आतून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून झाकतं. रंगानं आतली कूज थांबत नाही. कापायची जागा चुकली तर वरून काहीही फासा, ती चूक तशीच राहते.

जागा कुठली? फांदी खोडाला मिळते तिथं बुडाशी फुगीर कडं असतं. कापायचं ते त्या कड्याच्या लगेच बाहेर. कडं तासलं तर जखम मोठी होते आणि झाकणारी सालच जाते. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत नेतो. आमच्या एका खुंटात आज अख्खं बोट जातं.

जाड फांदी एका घावात पाडू नका, वजनानं साल खोडापर्यंत सोलली जाते. आधी हातभर अलीकडं खालून करवतीचा काप, मग त्याच्या जरा पुढं वरून कापून वजन उतरवा, शेवटी कड्याबाहेर स्वच्छ काप. काम कोरड्या हवेत करा, भर पावसात नाही. कोयता घरी ठेवा.

कृषी सल्लागार मित्रांनाही विनंती आहे. छाटणीच्या कार्यक्रमात तुम्ही द्राक्ष, डाळिंब, पेरू शिकवता, आम्ही ते मनापासून शिकतो. पण जाता जाता एवढंही सांगा, की हा धडा बांधावरच्या आणि दारातल्या प्रत्येक झाडाला लागू नाही. ते कुणी सांगत नाही म्हणून आमच्यासारखे स्वतःच्या दारात प्रयोग करतात.

आणि शेतकरी भावांनो, उरलेल्या मजुरीपायी झाडाला हात लावू नका. ही फांदी का काढायची, याचं एका वाक्यात उत्तर येत नसेल तर ती राहू द्या. द्राक्षाची चूक पुढच्या हंगामात निस्तरता येते. बकुळीची चूक निस्तरायला मला सहा वर्षं झाली. फुटव्यांतले चांगले निवडून ठेवतोय, बाकीचे थोडे थोडे काढतोय. डेरा अजून आलेला नाही.

यंदा फुलं मात्र बरी पडली. पोरीनं ओंजळभर वेचून आजीच्या फोटोपुढं ठेवली. वाळली तरी वास आहे.