नाकपुडीतील बिऱ्हाडकरू

उन्हाळ्यात राजघाटावर मुलांची झुंबड उडते आणि जून उजाडला की त्यांतली कित्येक अंगावर गळवे घेऊन माझ्याकडे येतात. "आंबे बाधले, डॉक्टरसाहेब," असे आजी म्हणते. आई तापीच्या पाण्याला बोल लावते. दोघींकडे पाहून मी वर्षानुवर्षे स्मित केले आणि सेफिक्झिमचे सिरप लिहिले. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर ते जवळजवळ निष्प्रभ असते, हे एम. डी. होताना मी वाचले होते. मग लिहीत का होतो? हाताला सवय झाली होती, एवढेच.

एका यंत्रमाग कामगाराच्या सहा वर्षांच्या मुलाने ती सवय मोडली. मांडीवर गळू, सोबत माझे सिरप. पाचव्या दिवशी मूल धापा टाकत परत आले. फुफ्फुसाभोवती पू झाला होता. मोठ्या शहरात पाठवले, नळी घालावी लागली. त्या पुवात मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ, म्हणजेच एमआरएसए, वाढला. व्हँकोमायसिनने मूल वाचले. मात्र त्याआधी या मुलाने कधी रुग्णालयाची पायरीही चढली नव्हती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मेथिसिलिन १९५९ साली आले आणि १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये त्याला दाद न देणारे जंतू नोंदले गेले. पुढे कित्येक वर्षे आपण त्यांना रुग्णालयाचे रहिवासी समजत आलो. भारतातील पंधरा मोठ्या केंद्रांच्या २००८-०९ च्या अभ्यासात स्टॅफ ऑरियसपैकी सुमारे ४१ टक्के जंतू एमआरएसए निघाले. परंतु तो आकडा मोठ्या रुग्णालयांत पोचलेल्या रुग्णांचा. त्यावरून बुऱ्हाणपूरच्या गल्लीचे अनुमान काढता येत नाही.

शिवाय रुग्णालय आणि घर यांच्यामध्ये आपल्याकडे भिंत आहेच कुठे? नातेवाईक रुग्णाच्या खाटेवर बसून जेवतात, खाटेखाली झोपतात. तीच गोधडी, तोच पंचा घरी जातो. सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ साली डॉक्टरांना हात धुवायला लावले. एका बाळावरून दुसऱ्याकडे वळताना आपण ते दर वेळी धुतो का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

निरोगी माणसांपैकी साधारण ३० टक्के लोक नाकात स्टॅफ ऑरियस बाळगतात. त्यांतला बहुतेक साधाच असतो, आणि हे बिऱ्हाड म्हणजे आजार नव्हे. त्या मुलाच्या वडिलांनी सगळ्या घराला 'औषध' मागितले होते. मी नकार दिला. टॉवेल वेगळे करा, जखम झाका, नखे कापा, एवढेच सांगितले. ते नाराज होऊन गेले.

माझे मत असे : लहान गळू नीट फोडून निचरा केला, की बहुधा प्रतिजैविक लागतच नाही. लागलेच, तर आधी पू तपासणीस जावा आणि क्लिंडामायसिन लिहिण्यापूर्वी डी-टेस्ट पाहावी. आज पू नालीत जातो आणि अंदाज कागदावर उतरतो. रुग्णाला खर्च परवडत नाही, हा सहकाऱ्यांचा आक्षेप खरा आहे. म्हणूनच संघटनेने गावातील प्रयोगशाळांशी सवलतीचे बोलावे आणि वर्षभराचे अहवाल, नावे वगळून, एकत्र करावेत. पहिल्या वहीचे काम मी करीन.